अब्बांच्या डायरीतले दहा हजार

खंडाळा म्हटले की लोकांना लोणावळ्याशेजारचे खंडाळा आठवते. आमचे ते नव्हे. आमचे सातारा जिल्ह्यातले, पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढण्याआधी लागणारे तालुक्याचे गाव. शिरवळ-खंडाळा भागात कारखाने आले, तशा इथल्या घराघरांवर खोल्या चढल्या. जिना बाहेरून काढायचा, मोरी वेगळी ठेवायची आणि कारखान्यातल्या एखाद्या कुटुंबाला खोल्या द्यायच्या. निवृत्तीनंतर आमच्या अब्बांनीही तेच केले. दोन खोल्या, भाडे महिना ६,००० रुपये.

आलेले कुटुंब तिघांचे. नवरा एका कारखान्यात पाळीने कामाला. माणूस तोंडाचा फटकळ. पाण्याच्या मोटरीवरून वाद, गाडी लावण्यावरून वाद, भाडे कधी दहा तारखेला, कधी पंचवीसला. अब्बा मात्र त्याच्याशी निभावून नेत. "पाळीचा माणूस आहे, झोप झालेली नसते," एवढेच म्हणत.

तीन वर्षांनी अब्बा गेले. कब्रस्तानात, नमाजे-जनाज्याच्या आधी, आमच्या थोरल्या भावाने रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना सांगितले, "अब्बांकडे कोणाचे काही देणे निघत असेल तर त्याने आमच्याकडे यावे. ते आम्ही फेडू." मागे भिंतीजवळ हा भाडेकरूही उभा होता. तेव्हा आमचे तिकडे लक्षही नव्हते.

पाच महिन्यांनी तो गेला. गेला म्हणजे टेम्पोत सामान भरले, दाराला स्वतःचे कुलूप घातले आणि फोनवर कळवले, "खोली सोडली. आधी डिपॉझिट द्या, मग किल्ली."

"वीस हजार ना? हिशेब करून देतो," आम्ही म्हणालो.

"वीस नाही, तीस. काकांना दिलेत."

आम्ही तिघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिले. वीस हजार बँकेतून आले होते, त्याची नोंद पासबुकात होती. वरचे दहा हजार कुठून आले? गेलेल्या माणसाच्या नावावर कोणीही काहीही सांगावे! थोरला भाऊ तर त्याच दिवशी कुलूप तोडायला निघाला होता.

त्याला थांबवले ते गल्लीतल्या वकीलसाहेबांनी. आत त्याचे एक कपाट आणि दोन पिंपे होती, म्हणजे ताबा अजून त्याचाच. संमतीवाचून आणि कायदेशीर मार्गावाचून ताबा काढून घेतला, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. वर 'माझे सोने होते' असे म्हणाला, तर काय उत्तर देणार? पोलीस चौकीतही आम्हाला हेच सांगण्यात आले, की हे दिवाणी प्रकरण आहे.

मग वकीलसाहेबांनी विचारले, "करार कुठे आहे?"

करार नव्हता. अब्बांनी सगळे शब्दावर केले होते. आपल्या किती घरांत असेच चालते, हे वाचकांना सांगायला नको. कायदा काय म्हणतो ते आम्हाला त्या दिवशी कळले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे तो तीस म्हणाला की तीस, आणि वीस असल्याचा पुरावा आम्ही द्यायचा. आम्ही त्याला खोटारडा म्हणत होतो, पण कागदाच्या बाबतीत उघडे पडलो होतो आम्हीच.

त्या रात्री त्याचा पुन्हा फोन आला. आवाज चढलेला. म्हणाला, "कब्रस्तानात तुम्हीच बोलला होतात ना? देणे असेल तर या म्हणून? आलोय मी."

बोलणे उद्धट होते, तरी ते आत लागले. वारसांचे हिस्से ठरवण्यापूर्वी मरहूमचे कर्ज आणि वसीयत भागवायची, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आले आहे. कर्जदार मयताची नमाज पढवायला प्रेषित (स.) थांबले आणि अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच पुढे झाले, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकलेली. डिपॉझिट जपून ठेवले असते तर ती अमानत होती. ते वापरून टाकले, म्हणजे कर्जच झाले. आणि अब्बांनी ते वापरले होते, वरच्या स्लॅबच्या गळतीवर.

अम्मीने ट्रंक उघडली. आत अब्बांच्या पतसंस्थेकडून मिळालेल्या छोट्या डायऱ्या होत्या. सिमेंटच्या गोण्या, गवंड्याची मजुरी, मदरशाला दिलेली वर्गणी, सगळे बारीक अक्षरात. दुपारपासून आम्ही एकेक पान पाहत होतो. मगरिबच्या सुमारास बहिणीला ती ओळ सापडली. तारीख, पुढे 'वरची खोली, टोकन रोख १०,०००', आणि भाडेकरूचे नाव. बँकेतले वीस हजार त्यानंतर आठ दिवसांनी आले होते.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या माणसाला आम्ही गल्लीत, नातेवाइकांत, मशिदीच्या पायऱ्यांवर लबाड ठरवून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी फोन आम्ही केला. "तीसच आहेत. डायरीत सापडले. आमची चूक झाली. तुम्ही या, खोली एकत्र पाहू, हिशेब समोरासमोर करू."

तो आला तेव्हा सोडून गेल्याला १९ दिवस झाले होते. वकीलसाहेब आणि त्याच्या ओळखीचा एक गृहस्थ असे दोघे साक्षीला होते. कुलूप त्यानेच उघडले. मोबाईलवर फोटो काढत, कागदावर लिहीत खोली पाहिली. चूक कबूल केली म्हणून नुकसान सोडून द्यायचे, असेही नव्हते. बेसिन फुटलेले, ओट्याच्या फरशीला आडवी चीर, विजेची दोन बिले थकलेली. मीटर आमच्या नावावर, त्यामुळे महावितरण आमच्याच दारात येणार. सगळ्या खोल्यांतले होल्डरसुद्धा त्याने काढून नेले होते! त्यावर मात्र आम्ही हसून गप्प बसलो. पंखे त्याने स्वतः बसवलेले, ते नेण्याचा त्याला हक्कच होता.

खरी बाचाबाची झाली रंगावरून. आम्ही रंगाचे ७,५०० रुपये धरले होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ चा अर्थ वकीलसाहेबांनी सांगितला: जागा जशी घेतली तशी परत द्यायची, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. तीन वर्षे राहिलेल्या घराचा रंग उडणारच. तो खर्च मालकाचा. रंग कापला. मोरीचे दार खालून कुजले होते, तेही सोडले, कारण वरच्या टाकीचा पाइप आमचाच गळत होता.

राहिले ते असे. वीजबिल ३,४८०, बेसिन २,२००, ओटा ३,०००, आणि किल्ली अडवून ठेवल्याचे १९ दिवसांचे भाडे ३,८००. एकूण १२,४८०. तीस हजारांतून ते वजा जाता १७,५२० रुपये. शेवटच्या रकमेवर तो अडून बसला. "खोली सोडली तर भाडे कसले?" वकीलसाहेबांनी शांतपणे विचारले, "मग कुलूप कोणाचे होते?" तो जरा वेळ आढ्याकडे पाहत राहिला आणि हो म्हणाला.

तो हो म्हणाला नसता तर? पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून वाद लोकअदालतीत नेता येतो. तिथे कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोडीने झालेल्या निवाड्यावर अपील नाही. घर विधवा आईच्या नावावर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. हे आमच्या अम्मीलाच काय, आम्हालाही माहीत नव्हते.

सतरा हजार घरात नव्हते. तिघांनी मिळून जमवले आणि हिस्से वाटण्याआधी ते बाजूला काढले. रोख दिले नाहीत, त्याच्या खात्यावर पाठवले. कागदावर पूर्ण हिशेब लिहिला, 'आता एकमेकांकडे काही येणे-देणे नाही' असे खाली लिहून दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. किल्ली त्याच वेळी मिळाली.

पुढच्या भाडेकरूकडून दोनच महिन्यांचे डिपॉझिट घेतले. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी तेवढीच मर्यादा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण माप म्हणून चांगला आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला. मुद्रांक शुल्क पाव टक्का, आमच्या बाबतीत दोनशे रुपयांच्या आसपास. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरलेले पाहून अम्मी दचकली. ते शुल्क काढण्यापुरते कागदावरचे व्याज असते, कोणी कोणाला देत नाही, हे समजावून सांगावे लागले. करारासोबत खोल्यांचे फोटो जोडले, होल्डर मोजून. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवले आहे आणि त्याला हात लावायचा नाही असे ठरले आहे. स्लॅब पुन्हा गळू लागला आहे, ती गोष्ट वेगळी.

सह्या झाल्यावर तो माणूस खाली अम्मीला भेटायला आला. चहा घेतला. "काका असते तर एवढे झालेच नसते," म्हणाला. आम्हाला ते थोडे झोंबले.

तो गेल्यावर अम्मीने ती डायरी मागितली. चष्मा लावला, ते पान काढले आणि अब्बांच्या ओळीपुढे, त्या दिवसाची तारीख घालून, स्वतःच्या हाताने लिहिले, 'दिले'.