माळावरचा माग

चिंकारा आपल्याला दिसतो, त्याच्या कितीतरी आधी आपण त्याला दिसलेले असतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, कान सतत फिरते, आणि उभा राहायची जागा अशी की चहूकडचं रान नजरेत यावं. म्हणून त्याच्या मागावर निघालेल्या माणसाचं पहिलं काम जनावर शोधणं नसतं, स्वतःला लपवणं असतं. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेखाली जो बरड माळ पसरला आहे, तिथे हे काम एका जाणत्या माणसामागून चालत बघावं, म्हणून आम्ही सगळं घर निघालो होतो. वडील, बायको, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. बंदूक कुणाकडेच नव्हती. एक दुर्बीण आणि एक कॅमेरा होता.

वाट दाखवणारे आबा जवळच्याच वस्तीवरचे. त्यांची कोरडवाहू शेती आहे. त्यात कापूस, हरभरा आणि थोडी दादर ज्वारी. त्यांचे आजोबा साहेब लोकांच्या शिकारीत हाकारे म्हणून जायचे. आबांनी आयुष्यात शिकार केली नाही, पण शिकारीला लागतं ते सगळं त्यांना येतं. अंधारातच त्यांनी आमची झडती घेतल्यासारखी तपासणी केली. मुलाचं पांढरं जाकीट काढायला लावलं. वेफरची पाकिटं गाडीतच ठेवायला सांगितली, कारण तो कुरकुर आवाज माळावर फार लांब जातो. अत्तर लावलंय का, हे विचारलं. मग मूठभर बारीक माती उचलून खांद्याच्या उंचीवरून सोडली. माती आमच्या पुढे सरकत खाली आली.

"वारा पाठवर शे," आबा म्हणाले. म्हणजे आमचा वास आमच्या आधी माळावर पोचणार. सरळ पुढे जाण्याऐवजी आम्ही नाल्यात उतरलो आणि मोठा वळसा घालून माळाच्या दुसऱ्या अंगाला निघालो. एवढं चालून काय मिळणार, असं मुलाने विचारलं. तोंडावर वारा आणि पाठीवर सूर्य, एवढं मिळालं की निम्मं काम झालं, असं आबांचं उत्तर. उन्हाकडे तोंड करून आपल्याकडे बघणाऱ्या जनावराला आपण नीट दिसत नाही, आणि आपल्याला मात्र त्याच्या अंगावरचा रंगसुद्धा ओळखता येतो.

वळसा घालताना गाडवाट लागली. तिथल्या फुफाट्यात रात्रीचा सगळा हिशेब लिहिलेला होता. आबा वाटेच्या कडेकडेने चालत होते, मधून नाही. माग पुसला जाऊ नये म्हणून. त्यांनी मुलांना आधी शेळीचं पाऊल दाखवलं, रुंद आणि पुढून बोथट. मग चिंकाऱ्याचं. ते अरुंद, टोकदार. बदामाच्या दोन फाका शेजारी ठेवल्यासारखं. पाऊल कधीचं, हे दवावरून कळतं. रात्रीच्या दवाने फुफाट्यावर बारीक खळगे पडून वर पातळ पापुद्रा धरतो. पावलाच्या आत ते खळगे असतील तर जनावर दव पडण्याआधी गेलं. पापुद्रा मोडून पाऊल उमटलं असेल, कडा धारदार असतील आणि आत अजून मुंगीची वाट नसेल, तर ते पहाटे उशिरा गेलं. आमच्या पुढचं पाऊल पहाटेचं होतं.

पुढे बोरीच्या झुडपापाशी लेंड्यांचा ढीग सापडला. शेळ्या चालता चालता लेंड्या टाकत जातात, त्या वाटभर विखुरतात. चिंकारा मात्र पुनःपुन्हा त्याच जागी येतो. ढिगात खालच्या लेंड्या राखाडी, भुसभुशीत. वरच्या काळपट आणि चकाकत्या. आबांनी एक चिमटीत फोडली. आत ओल होती. "अठेच कोठे तरी शे," म्हणून त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं.

इथून पुढचं काम डोळ्यांचं. शहरातला माणूस दुर्बीण हातात आली की पूर्ण जनावर शोधायला लागतो आणि त्याला गवताशिवाय काही दिसत नाही. आबांची रीत वेगळी होती. आधी जवळचा पट्टा डावीकडून उजवीकडे, मग त्यामागचा, मग त्याहून मागचा. शोधायची ती आकृती नव्हे, विसंगती. कुसळी गवत, तरवडाच्या काड्या, हिवराची खोडं, सगळं उभं असतं. त्यात एखादी आडवी रेघ दिसली तर तिच्यावर थांबायचं. ती कुणाची तरी पाठ असू शकते. पोटाखालचा पांढरा रंग सावलीतही उठून दिसतो. आणि चिंकाऱ्याची काळी शेपटी फार वेळ स्वस्थ राहत नाही. मुलीला सगळ्यांत आधी दिसली ती ही शेपटीच.

तीन जनावरं होती. नर, मादी आणि एक पाडस. चिंकारा खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच, वजनाला वीस-बावीस किलो. आपल्या मोठ्या शेळीहून फारसा जड नाही. नराची शिंगं वळीदार आणि जवळपास सरळ, मादीचीही असतात, पण बारीक आणि आखूड. काळवीट-चिंकारा-नीलगाय ही कुरंग जात, आणि हरणांहून वेगळी. सांबर-चितळांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, यांची गळत नाहीत. पाण्यावाचून हा प्राणी बरेच दिवस काढतो. पाला आणि दव यांतून त्याची तहान भागते. म्हणूनच पाणवठ्यावर दबा धरून बसण्याची वाघा-बिबट्यासाठीची युक्ती त्याच्या बाबतीत फारशी चालत नाही. त्याच्याकडे आपल्यालाच जावं लागतं.

जाण्याचीही एक पद्धत आहे. त्याच्याकडे सरळ चालायचं नाही. दुसरीकडेच निघालोय असं दाखवत तिरपं जायचं, थांबायचं, पुन्हा तिरपं. टक लावून बघायचं नाही. माळावरच्या जनावरांना गुराखी, बैलगाडी, सरपणाच्या मोळ्या नेणाऱ्या बाया यांची सवय असते. थबकून रोखून बघणारा माणूस मात्र त्यांना लगेच खटकतो. आमच्या नशिबाने एका ठेलारी मेंढपाळाच्या मेंढ्या उताराने चरत येत होत्या. आबांनी त्याला हाताने खूण केली आणि आम्ही वाकून मेंढ्यांच्या पलीकडून कळपाच्या चालीने सरकू लागलो.

ही युक्ती आबांची नव्हे, फार जुनी आहे. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. काळविटासाठी त्यांच्याकडे पाळलेला नर असे. त्याच्या शिंगांना फासे बांधून तो कळपात सोडायचा, कळपातला नर झुंजायला आला की शिंगं फाशात अडकायची. जमिनीवर वाघुरा (फासे) मांडून कळप हळूहळू त्यावर वळवणं हेही त्यांचंच कसब. बंदुकीचा आवाज नाही, दारूचा खर्च नाही; सगळी मदार जनावराच्या स्वभावाच्या ज्ञानावर. कोल्हापूर संस्थानात याच कुरंगांची शिकार पाळीव चित्त्यांकडून होत असे, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. चित्त्याला शिकवणारे चित्तेवान उरले नाहीत. फासेपारधी उरले, पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने बसवलेला शिक्का घेऊन. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही बऱ्यापैकी जवळ पोचलो तेव्हा नराने मान वर केली. पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढला. मादी आणि पाडस त्याच क्षणी निघाली, मागोमाग तोही. दोन-तीनशे पावलं धावून तिघं थांबली आणि वळून मागे बघू लागली. आबा हळूच म्हणाले, "तठे दखा. आते उभा राही." जुने शिकारी याच क्षणाची वाट बघायचे. पळणाऱ्या चिंकाऱ्याला गोळी लागणं कठीण. पण काय होतं ते वळून पाहायची त्याची खोड त्याच्या जिवावर उठायची. मुलीने तेवढ्यात कॅमेरा चालवून घेतला. मग ती तिन्ही धुऱ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

परतीच्या वाटेवर वडिलांनी विषय काढला तो आऊट्रमचा. जेम्स आऊट्रम हा ब्रिटिश अधिकारी १८२५ मध्ये खान्देशात आला, धरणगावला त्याने भिल्ल पलटण उभी केली, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या व त्याच्या साथीदारांच्या नावावर दोनशेहून जास्त वाघ जमा झाले. चाळीसगाव-कन्नड घाटाला आजही त्याचंच नाव आहे, आणि १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातही ते आहे. त्याच डोंगररांगेत १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात अजिंठ्याची लेणी दिसली. त्या प्रत्येक शिकारीत पुढे माग काढणारा कुणी स्थानिक माणूस होता. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

शिकारीवरून बोलणं अमेरिकेवर गेलं. तिथे उघड्या माळावरच्या अशाच एका प्राण्याची शिकार आजही कायद्याने होते. प्राँगहॉर्न त्याचं नाव. दिसायला कुरंगासारखा, पण नात्याने जिराफाला जवळचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काही हजारांवर आला होता. आज त्याची संख्या लाखांत आहे. वायोमिंगमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं वाटाड्या घेऊन शिकारीला जातात, बारा वर्षांची मुलंही परवाना काढतात. परवाने मोजून, सोडत काढून दिले जातात, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. वडिलांचा प्रश्न होता, आपल्याकडे असं का नको? कारण आपल्याकडे तेवढी मोकळी जमीन नाही आणि तेवढी जनावरंही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिंकारा आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. ते योग्यच आहे.

आबांची अडचण मात्र वेगळी आणि खरी आहे. ज्या माळावर आम्ही चिंकाऱ्यासाठी दम धरून बसलो, त्याच्याच कडेला त्यांच्या हरभऱ्याभोवती जुन्या साड्यांचं कुंपण होतं. रात्री नीलगायींचा कळप येतो. घोड्याएवढी जनावरं, खातात त्याहून जास्त तुडवतात. घरातले सगळे पाळीपाळीने जागल करतात, डबे वाजवतात, फटाके फोडतात. ज्याला परवडतं तो झटका मशीन लावतो. नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे. जो माणूस सकाळी आम्हाला रान वाचायला शिकवतो, तोच रात्रभर रानापासून आपलं पीक राखतो, आणि या दोन्ही कामांची मजुरी त्याला मिळत नाही.

शिवाय सरकारी कागदावर हा माळ म्हणजे पडीक जमीन. कधी तिथे खड्डे खणून झाडं लावतात, कधी नांगर फिरतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्याने ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आणि शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प पाहिला. वीज हवीच. पण ज्या माळावर काहीच नाही असं आपण म्हणतो, तिथे लांडगा, खोकड, चिंकारा, माळढोकाच्या नात्यातले तणमोर आणि ठेलाऱ्यांच्या मेंढ्या जगतात, हे आधी मोजून मग जागा ठरवावी.

पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे गवताळ रानाची सफारी सुरू केली. गावातलीच मुलं वाटाडे आहेत आणि सफारीतून त्यांच्या हाताला काम मिळतं. चाळीसगाव, धुळे, साक्रीच्या कुरणांवर हे का होऊ नये? खान्देशात माळ आहे, जनावर आहे, आणि दवावरून पावलाची वेळ सांगणारी माणसं अजून आहेत. ती साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखाली दहा-वीस तरुण तयार व्हायचे असतील तर ते येत्या काही वर्षांतच व्हायला हवेत. नंतर शिकवायला कुणी नसेल. वन खात्याने हे काम मनावर घ्यावं, ग्रामपंचायतींनी त्याची मागणी करावी.

तोवर वाचकांपैकी कुणी मुलांना घेऊन माळावर जाणार असेल, तर गाडी रस्त्यावरच ठेवा, कुत्रं नेऊ नका, विणीच्या जागी आणि पाडसांजवळ थांबू नका. आणि वाट दाखवणाऱ्याची मजुरी निघण्याआधी ठरवून, परतल्यावर लगेच त्याच्या हातात द्या.