हसून हसून झिजलेली फीत

वसमतच्या एका व्हिडिओ लायब्ररीची कॅसेट माझ्याकडं आहे. प्लॅस्टिकचा काळा डबा, त्यावर पिवळा पडलेला कागद आणि निळ्या शाईतलं नाव : 'अशी ही बनवाबनवी'. खाली जांभळा रबरी शिक्का, त्यात दुकानाचं नाव आता पुसलं गेलंय, पण 'ता. वसमत, जि. परभणी' एवढं नीट वाचता येतं. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, म्हणजे हा शिक्का त्याआधी बनवलेला. परभणीकडच्या जुन्या कॅसेटांचं वय काढायला याहून सोपी खूण नाही. कळमनुरी, औंढा, वसमत यांच्यापुढं 'जि. परभणी' दिसलं की समजायचं, माल गेल्या शतकातला आहे.

ही कॅसेट चालते. चित्र थोडं हलतं, रंग लालसर झालेत, पण चालते. मात्र लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून 'पार्वती' म्हणून घरमालकिणीसमोर उभा राहतो, तिथं पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस सुरू होतो. तो प्रसंग संपला की चित्र पुन्हा स्वच्छ. पुढं अशोक सराफ थापेवर थाप रचत जातो तिथं परत रेघा. सुरुवातीला मला वाटलं, फितीला बुरशी धरली असेल. मग दुसरी एक प्रत मिळाली, जिंतूरकडची. तिच्यातही रेघा, पण वेगळ्या जागी. तेव्हा उलगडा झाला. लोकांनी ज्या जागी 'मागं घे, मागं घे' म्हणून ओरडा केला, कॅसेट त्याच जागी झिजली होती.

व्हीसीआरच्या पोटात एक छोटा ढोल असतो, त्याच्या कडेला चित्र वाचणारी टोकं. आपल्याकडच्या पद्धतीत हा ढोल मिनिटाला १५०० वेळा फिरतो. फीत पुढं सरकत असते तोवर ठीक, पण 'पॉज' केलं की फीत जागच्या जागी थांबते आणि ढोल फिरतच राहतो. म्हणजे फितीच्या त्याच इंचावर तो घासत बसतो. त्यात पुन्हा मागं-पुढं करणं आलं. रडवणाऱ्या सिनेमाची कॅसेट वीस वर्षांनी काढा, बहुतेक धड निघते. विनोदी सिनेमाची नेमकी सगळ्यांत जास्त हसू जिथं आलं तिथंच गेलेली असते. म्हणून जुन्या विनोदी चित्रपटांची एक प्रत सापडली की शोध संपत नाही. प्रत्येक घर आपापल्या जागी हसलेलं असतं, आणि दोन-तीन घरांच्या प्रती जवळ आल्या की अख्खा सिनेमा पुन्हा उभा करता येतो. मी गेली कित्येक वर्षं परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा फिरतोय ते यासाठी.

हा माल आपल्याकडं आला कसा, तेही सांगायला हवं. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्तानं देशात रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हीसीआरची लाट आली. व्हिडिओवरची चोरी इतकी बोकाळली की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आमच्याकडं व्हीसीआर विकत घेणारी घरं बोटावर मोजण्यासारखी. बाकी गाव भाड्यावर. गणपतीत, हळदीच्या रात्री किंवा नुसतंच कापसाचे पैसे हातात आले म्हणून गल्लीत पट्टी काढायची. एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि तीन कॅसेटा रात्रभरासाठी आणायच्या. पहिली देवाधर्माची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा आशीर्वाद मिळे. दुसरी मराठी विनोदी. तिसरी हिंदी मारामारीची, ती पाहायला पहाटेपर्यंत पोरंच उरत. दुसऱ्या कॅसेटीला मात्र ओटा, अंगण, कंपाउंडची भिंत सगळं भरलेलं असे. लाइट गेली तरी कुणी उठून जात नसे. अंधारात बसून लोक पुढचा प्रसंग आपणच बोलून दाखवत.

कुठले सिनेमे? दादा कोंडके पहिले. 'सोंगाड्या' १९७१, 'एकटा जीव सदाशिव' १९७२, 'आंधळा मारतो डोळा' १९७३, 'पांडू हवालदार' १९७५, 'राम राम गंगाराम' १९७७. ओळीनं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले म्हणून गिनेस बुकात नाव गेलेला हा माणूस. 'पांडू हवालदार'मध्ये त्यांच्याबरोबर सखाराम हवालदार झालेले अशोक सराफ पुढची वीस वर्षं मराठी विनोदाचा एक खांब होऊन उभे राहिले. मग महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' १९८५ मध्ये, सचिन पिळगांवकरांचा 'गंमत जंमत' १९८७ मध्ये आणि २३ सप्टेंबर १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी'. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली ही गोष्ट. मूळ हिंदी चित्रपट आज आमच्याकडं किती जणांनी पाहिला असेल, आणि मराठीतला मात्र पाठ आहे.

त्याआधीचे मिळवायला खरा घाम गाळावा लागतो. अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' १९३८ चा. दामुअण्णा मालवणकरांची 'ब्रँडीची बाटली' १९३९ ची. राजा परांजपे यांचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' दोन्ही १९५२ चे. पु. लं.चा 'गुळाचा गणपती' १९५३ चा. महिन्यात लाख रुपये उडवून दाखवायचे, या एका कल्पनेवर 'लाखाची गोष्ट' उभी आहे. १९५२ मध्ये लाख रुपये म्हणजे काय, हे समजून पाहिलं तर आजही पोट दुखेपर्यंत हसू येतं. हे चित्रपट गावोगावच्या लायब्ऱ्यांत कमी ठेवले जात. भाड्यानं नेणारं गिऱ्हाईक रंगीत मागायचं.

कॅसेटीनंतर व्हीसीडी. तिचं तांत्रिक प्रमाण १९९३ मध्ये ठरलं. एका तबकडीत चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटं मावतात, म्हणून मराठी सिनेमा दोन तबकड्यांत बसवायचा. तबकडी कुठं संपेल याचा सिनेमाच्या मध्यंतराशी काही संबंध नसे. विनोदाला टायमिंग लागतं, आणि इथं वाक्याचा पहिला भाग एका तबकडीत तर त्यावरचं उत्तर दुसरीत. घरातलं पोरगं उठून तबकडी बदलेपर्यंत सगळे हसू दाबून बसलेले. माझ्या पिढीच्या कित्येकांच्या डोक्यात ते प्रसंग अजून त्या खंडासकट बसलेत.

मुंबईची शेमारू १९६२ मध्ये पुस्तकांचं वाचनालय म्हणून सुरू झाली, १९७९ पासून कॅसेटी भाड्यानं देऊ लागली, नंतर मोठी व्हिडिओ कंपनी झाली. मराठीत व्हिडिओ पॅलेस, एव्हरेस्ट, पुण्याची फाउंटन ही नावं कव्हरवर दिसत. मग २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना आणली आणि किराणा दुकानातसुद्धा सिनेमा लटकू लागला. साबण, बिस्किटं आणि दादा कोंडके एकाच दोरीला. घरोघरी ज्या तबकड्या सापडतात त्यातल्या बऱ्याच या दोन-चार वर्षांतल्या. पुढं मेमरी कार्ड आलं आणि व्हीसीडीच्या दुकानांनी 'मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लावल्या. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैतच काम थांबवलं होतं.

परभणीच्या ढिगाऱ्यांत मराठीच्या शेजारी दखनी बोलीतले सिनेमेही निघतात, हे इथलं वेगळेपण. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, हैदराबादची गाडी रोजची. त्यामुळं २००५ चा हैदराबादी बोलीतला विनोदी चित्रपट 'द अंग्रेज' परभणीच्या कच्छी बाजारात हातोहात फिरला. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० मध्ये काढलेला 'मालेगाव के शोले' हाही त्याच घराण्यातला. हे सिनेमे छोट्या गावांच्या छोट्या पडद्यावर रमले. त्यांच्या तबकड्या मला कोंडक्यांच्या इतक्याच मोलाच्या वाटतात.

आता शोधायचं कुठं? दुकानांचा नाद सोडून द्यावा. माल आहे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या घरी, जुन्या केबलवाल्यांच्या खोलीत आणि भंगारवाल्याकडं. लायब्ररीवाला आणि शूटिंगवाला बहुतेक ठिकाणी एकच माणूस असे. माझ्या वसमतच्या कॅसेटीवर सिनेमा संपल्यावर उरलेल्या फितीत कुणाच्या तरी मुंजीचं चित्रण आहे, भिक्षावळीपर्यंत. तीन तासांच्या कॅसेटीत मराठी सिनेमा जाऊन अर्धा तास उरतोच, तो वाया कशाला घालवायचा? तो मुलगा आज चांगला मोठा माणूस झाला असेल. पूर्ण्याला रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं बदल्यांची वस्ती. बदली झाली की जड सामान मागं राहतं, आणि त्यात कॅसेटीही. तिथल्या एका जुन्या सामानवाल्याकडं मी पोतंभर कॅसेटी पाहिल्या, तेव्हा तो काळजीनं म्हणाला, "काय करता हो नेऊन? चालत नाही त्यातली एक बी." अकरा चालल्या.

घेताना काय बघावं, ते अनुभवानं सांगतो. पाकिटावर जाऊ नका. एका दुकानातून मी सीलबंद 'सोंगाड्या' आणला, आत भजनं निघाली. तबकडीच्या चकचकीत बाजूवर, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात कोरलेला क्रमांक असतो. तो छापील मालाचा पुरावा. निळसर-हिरवट झाक दिसली तर ती कुणी तरी घरी उतरवलेली प्रत. ओरखड्यांना सगळे घाबरतात, पण व्हीसीडीला खरा धोका चित्राच्या बाजूचा आहे. माहिती धरून ठेवणारा धातूचा थर त्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. तिथं ओरखडा गेला की त्या जागचा सिनेमा कायमचा गेला. तबकडी बल्बसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर थर खाल्ला जातोय. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती जास्त टिकते. कॅसेट मात्र लगेच व्हीसीआरमध्ये घालायची नाही. आधी झडप उघडून फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे का ते पाहायचं, कारण बुरशीची एक कॅसेट लावली की यंत्र खराब होतं आणि पुढच्या दहा कॅसेटीही. आमच्याकडं मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याखाली ठेवलेला माल कधीच घेऊ नये.

आणि सिनेमा पूर्ण आहे का, हे कसं ओळखायचं? सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं ना, आपण ते पाहतच नाही. तिथं चित्र थांबवा. त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साडेसत्तावीस मीटरच्या आसपास धावते. समजा लांबी ४००० मीटर आहे, तर सिनेमा १४६ मिनिटांचा झाला. आता गंमत अशी, की फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं दाखवते आणि आपला जुना टीव्ही पंचवीस. म्हणून बऱ्याच जुन्या प्रतींत सिनेमा चार टक्के भरभर पळतो आणि १४६ चे १४० होतात. आवाजही थोडा चढतो. लक्ष्मीकांतचा जो आवाज आपल्या कानात बसलाय तो कदाचित थिएटरातल्यापेक्षा किंचित पातळ असेल. तर १४० मिनिटं भरली, तर प्रत पुरी. एकशे वीस भरली, तर वीस मिनिटं कुणी तरी कापली आहेत. गाणी सहसा वाचतात. कापली जातात ती छोट्या नटांची वाक्यं, दारात उभ्या गड्याचं तोंड वेंगाडणं, शेजारणीचा एक टोमणा. आणि मराठी विनोदाचा जीव निम्मा त्या माणसांत आहे.

कडा छाटण्याचंही तसंच. १९९० चा 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. एवढं रुंद चित्र चौकोनी टीव्हीत भरायचं तर दोन्ही बाजूंनी मिळून चाळीस टक्क्यांहून जास्त भाग बाहेर जातो. मधला माणूस बोलताना दिसतो, कडेचा नुसता चेहऱ्यानं उत्तर देणारा गायब. एखाद्या रुंद पट्टीच्या डीव्हीडीसाठी मी दोन तालुके पालथे घालतो ते त्या कडेच्या माणसासाठी.

लोक म्हणतात, मोबाइलवर सगळं आहे की. पुष्कळ आहे, आणि आहे ते चांगलंच. पण तिथं जी प्रत चढवली गेली तीच एकमेव प्रत होऊन बसते, आणि ती कापलेली आहे की नाही हे पाहायला दुसरी जवळ असावी लागते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. तिथं काय काय वाचलं याला तोड नाही. तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या रिळांना आग लागून केवढा तरी ठेवा गेला. एका जागी ठेवलेलं एका दिवसात जाऊ शकतं. लॉरेल आणि हार्डी यांचा १९२७ चा एक मूकपट आहे, त्यात क्रीम लावलेल्या हजारो गोड पोळ्यांची फेकाफेक आहे. त्याचं ते पूर्ण रीळ कित्येक दशकं हरवलेलं होतं. २०१५ मध्ये सापडलं ते एका खासगी संग्राहकाच्या डब्यांत.

मी या प्रती विकत नाही, वाटत नाही. हक्क ज्यांचे त्यांचे. उतरवून ठेवतो, कुठली प्रत कुठल्या गावची, किती मिनिटांची, कुठं झिजलेली हे वहीत लिहितो. वहीत वसमतच्या कॅसेटीपुढं मुंजीचीही नोंद आहे. त्या घरचं कुणी भेटलं तर ती फीत त्यांना द्यायची.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. घरं झाडली जातात, माळे रिकामे होतात, भंगाराच्या गाड्यांवर वर्षभर न दिसणारा माल येतो. परवा सेलूहून एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांची लायब्ररी होती, माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढली आहे, आत कॅसेटी आहेत, फेकायच्या आधी विचारावं म्हटलं. मी विचारलं, नावं वाचता येतात का? म्हणाल्या, "नावं उडालीत हो. पण एका कप्प्यावर मामांनी खडूनं लिहून ठेवलंय, 'रात्री मोठ्यानं लावू नये, शेजारी उठतात.'"

उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय. पेटी जड असेल तर दोन खेपा कराव्या लागतील.