मुतखड्याच्या दुर्बिणीचा हिशेब

सोयाबीन काढायला मळणीयंत्र स्वतःचे घ्यावे की भाड्याने आणावे, हा हिशेब वाशिम जिल्ह्यातल्या घराघरांत तोंडपाठ असतो. माल भरपूर असेल तर स्वतःचे परवडते. चार एकरवाल्याला भाड्याचेच बरे. मुतखड्याच्या दुर्बिणीचेही तसेच आहे. तिचा खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो, म्हणून तो समजून घ्या.

खडा मूत्रपिंडात असेल, तर लघवीच्या वाटेने बारीक, वाकणारी दुर्बीण आत नेऊन लेसरने तो फोडतात. ही दुर्बीण दोन प्रकारची असते. पहिली पुन्हा पुन्हा वापरायची. ती महाग आणि नाजूक; दर वेळी धुवावी, निर्जंतुक करावी लागते आणि दुरुस्तीही निघते. धुण्यात कसूर झाली तर जंतुसंसर्गाचे भय असते. दुसरी एकाच रोग्यासाठी वापरून टाकायची. तिला धुणे-दुरुस्ती नाही, पण प्रत्येक शस्त्रक्रियेला नवी घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे ९९ शस्त्रक्रियांच्या पुढे पहिली दुर्बीण स्वस्त पडली. त्याहून कमी असतील तर दुसरी. आपल्याकडचे दर वेगळे, पण तत्त्व तेच : जिथे रोगी थोडे, तिथे टाकून द्यायची दुर्बीण परवडू शकते.

तेव्हा शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना न संकोचता विचारा :

१. वाकणारी दुर्बीण लागणारच का? खडा मूत्रनलिकेत खाली उतरला असेल तर बहुधा सरळ दुर्बिणीने भागते. पाच मिलिमीटरच्या आतला खडा पुष्कळदा आपोआप पडतो.

२. दुर्बिणीचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरला आहे की वेगळा?

३. एकदाच वापरायची असेल, तर ती आमच्या रोग्यासाठी नवीच उघडणार ना?

४. आत ठेवलेली नळी काढायचा खर्च कशात धरला आहे? ही नळी ठरल्या तारखेला काढलीच पाहिजे; विसरल्यास मूत्रपिंडाला धोका होतो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटा, मगच पैशांची तजवीज करा.

एक मात्र ध्यानात ठेवा. खड्याच्या दुखण्यात थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर हिशेब करीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.