बालगंधर्व : पन्नास वर्षांचा एक आवाज

गाणाऱ्या नटाचें आयुष्य त्याच्या गळ्याएवढेंच असतें, असा सर्वसाधारण समज आहे. चेहरा रंगानें झांकतां येतो, केस टोपानें झांकतां येतात. पण थकलेल्या आवाजावर चढवावयास रंग नाहीं. म्हणूनच जो गळा पन्नास वर्षें रंगभूमीवर टिकला, त्याचा वृत्तान्त मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

युरोपांतील ऑपेरांत, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकांत, स्त्रियांच्या आवाजाची प्रतवारी ठरलेली आहे. उंच स्वरांची ती सोप्रानो, खर्जाकडे झुकणारी ती कॉन्ट्राल्टो आणि दोहोंच्या मधली ती मेझो-सोप्रानो. या मधल्या आवाजाच्या गायिकेकडे पुष्कळदां कोवळ्या वयाच्या मुलाची भूमिका येते. मोझार्टच्या १७८६ सालच्या ‘फिगारोचें लग्न’ या ऑपेरांतला केरुबिनो हा पोरसवदा हुजऱ्या बहुधा स्त्रीच रंगविते. मराठी रंगभूमीवर नेमकें याच्या उलट घडलें. येथें पुरुष स्त्री झाला, आणि त्याच्या गळ्यांतून रुक्मिणी व सिंधू गाऊं लागल्या.

या रंगभूमीचा उगम कृष्णाकांठचा. विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवरा’चा खेळ सांगलीस केला तो १८४३ सालीं. पुढें १९४९ मध्यें जुन्या सातारा जिल्ह्यांतून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. याच जिल्ह्यांतील नागठाणें हें राजहंस घराण्याचें गांव. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीं त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं ‘बालगंधर्व’ म्हटलें, असें परंपरेनें सांगण्यांत येतें. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले आणि मिरजेस शकुंतलेच्या वेषांत रंगभूमीवर उभे राहिले.

मुलगा वयांत आला कीं त्याच्या कंठांतील स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारें एका सप्तकानें उतरतो. त्यानंतर स्त्रीसारखें गावयाचें म्हणजे आवाज चोरून, कृत्रिम रीतीनें काढणें हा एक मार्ग. बालगंधर्वांनीं तो पत्करला नाहीं. त्यांचा गळा मुळांतच बारीक, गोड व चढा होता; त्याच्या वरच्या भागांत ते मोकळेपणानें गात. तो आवाज बाईचाही वाटे आणि ओढूनताणून आणलेलाही वाटत नसे. गळ्यावर अत्याचार झाला नाहीं, म्हणूनच तो टिकला.

त्याला जोड मिळाली शिक्षणाची. भास्करबुवा बखले यांच्या तालमींतून शब्दाला धक्का न लावतां सूर फुलविण्याची विद्या त्यांस साधली. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळीं शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावयाचें, तें ओरडून नव्हे, तर स्वच्छ उच्चारानें व नेमक्या लागलेल्या स्वरानें.

मात्र या कीर्तीची किंमत जबर होती. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस होता. त्याच दिवशीं त्यांची कन्या वारली. तरी त्यांनीं प्रयोग थांबूं दिला नाहीं. १९१३ मध्यें गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवरां’तील रुक्मिणी आणि १९१९ च्या ‘एकच प्याल्यां’तील सिंधू यांनीं ती मंडळी वैभवास नेली. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं केशवराव भोसले यांच्यासह ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. परंतु उंची पोषाख, अत्तरें आणि थाटमाट यांपायीं मंडळी कर्जांत रुतली, आणि तें फेडण्यासाठीं वर्षानुवर्षें गावें लागलें.

एवढ्यांत काळही पालटला. ज्या १९०५ सालीं मिरजेस त्यांची शकुंतला उभी राहिली, त्याच सालीं मिरजेंतच हिराबाई बडोदेकर यांचा जन्म झाला. त्या मोठ्या होऊन नाटकांत उतरल्या, तेव्हां स्त्रीची भूमिका स्त्रीनेंच करावी हें प्रेक्षकांस पटूं लागलें होतें. बोलपटांनीं नाटकगृहें ओस पाडलीं. १९३५ मध्यें प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रांत बालगंधर्व एकनाथांच्या रूपानें पुरुषवेषांत आले. पण पडद्यावर त्यांचें मन रमलें नाहीं. ते पुन्हां नाटकांकडे वळले.

पुढच्या वर्षांत देह स्थूल व प्रौढ झाला होता. सिंधू मात्र तरुण होती. तें पाहून कित्येकांस खेद होई, तर कित्येक डोळे मिटून ऐकत. ‘थांबावें कधीं?’ हा प्रश्न प्रत्येक गवयापुढें येतो. बालगंधर्वांनीं त्याचें उत्तर लांबविलें, यांत हट्ट होता, तशी निर्वाहाची निकडही होती. १९५५ च्या सुमारास त्यांची स्त्रीभूमिका अखेर संपली. १९६० मध्यें सांगलीनें विष्णुदास भावे यांच्या नांवाचें गौरवपदक त्यांस दिलें, आणि मिरजेस सुरू झालेला प्रवास शेजारच्या नगरींत सन्मानास पोंचला. १५ जुलै १९६७ रोजीं ते निवर्तले.

आज ऐकावयास उरल्या आहेत त्या तबकड्या. एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें. ‘वन्स मोअर’च्या गजरांत जें पद रात्र वाढवीत नेई, तें त्यांत मावणें शक्यच नव्हतें. तरीही पहिल्या सुरालाच ऐकणारा हातांतलें काम बाजूस ठेवतो; तो गाणारा पुरुष आहे कीं स्त्री, हा प्रश्न त्यास पडतच नाहीं.