आजारी मूल, घरच्यांचं दुःख आणि निर्मिती

'दुःख कलेत ओता' हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. पार्ल्यात तर जरा जास्तच. इथे गाण्याचे, चित्रकलेचे वर्ग काही कमी नाहीत. पण घरात मूल गंभीर आजारी असताना हे ओतणं म्हणजे नेमकं काय, ते आज पाहू.

आपल्या परंपरेत हा प्रश्न वाल्मीकीपासून सुरू होतो. क्रौंचवध झाला, शोकाचा श्लोक झाला, हे आपण शाळेपासून ऐकतो. अभिनवगुप्त मात्र इथे थांबवतात. हा मुनीचा खासगी शोक समजू नका, असं ते बजावतात. मुनी स्वतःच दुःखानं व्याकूळ असता तर काव्य झालंच नसतं. शोकाचं साधारणीकरण व्हावं लागतं. तो निव्वळ 'माझा' उरत नाही, तेव्हा करुण रस होतो. पण रात्रभर उशाशी बसून ताप बघणाऱ्या आईला हे कसं सांगणार? तिचं दुःख तर तिचंच आहे.

आम्हाला याचं उत्तर 'श्वास'मध्ये दिसतं. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, संदीप सावंत यांचा २००४ सालचा हा चित्रपट. कथेमागे खरा प्रसंग होता. कोकणातला लहानगा परशुराम, दोन्ही डोळ्यांत दृष्टिपटलाचा कर्करोग. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलातून नाहीसे होतात, त्याला जग दाखवायला. अरुण नलावडे यांचे ते आजोबा आठवा. ते काही लिहीत नाहीत, चितारत नाहीत. पण 'आमच्याच पोराला का?' या प्रश्नावरून ते 'हातातल्या एवढ्याशा वेळात याला काय काय दाखवू?' या प्रश्नावर येतात. म्हणजे निवड आली, क्रम आला, मुलाच्या उंचीवरून बघणं आलं. कलावंत तरी याहून वेगळं काय करतो? दुःख तेवढंच राहतं. फक्त त्याचं तोंड मुलाकडे वळतं. साधारणीकरणाची पहिली पायरी आम्ही हीच मानतो.

रवींद्रनाथांचं पाहा. नोव्हेंबर १९०२ मध्ये पत्नी मृणालिनी गेल्या. पाठोपाठ मधली मुलगी रेणुका क्षयानं आजारी. १९०३ च्या उन्हाळ्यात हवापालटासाठी ते तिला अल्मोड्याला घेऊन गेले आणि तिथे त्यांनी 'शिशु'मधल्या कविता लिहिल्या. बापाचा आक्रोश त्यात शोधू गेलात तर फारसा हाती लागत नाही. कितीतरी कवितांत मूलच बोलतं, आईशी खेळतं, तिच्याशी हुज्जत घालतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेणुका गेली.

मागे एका बाईंनी आम्हाला विचारलं होतं, "सर, मी मुलाच्या आजारपणावर लिहिते. हा त्याचा वापर करणं नाही का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना एवढंच म्हणालो, की वहीत त्याच्या खोड्या, त्याचे हट्ट, त्याला न आवडणारी भाजी येते का ते बघा. ते येत असेल तर तो त्या वहीत माणूस म्हणून आहे, निव्वळ पेशंट म्हणून नाही. आणि छापायचं असेल, तर त्याला कळण्याजोगं वय असल्यास आधी त्याला विचारा. काही पानांत तुमचं नुसतं रडणंच असेल, तर असू द्या. ती पानं कुणाला दाखवायची नाहीत. त्यांची कलाकृती झालीच पाहिजे, अशी सक्ती आईवर कुणी करू नये. दिवसभर इस्पितळाच्या खेपा घालून आलेल्या माणसाला 'काहीतरी लिहीत जा' म्हणणं सोपं असतं. त्यापेक्षा एक रात्र त्याच्या जागी मुलापाशी बसावं.

शिवाय याला घाई चालत नाही. १९०७ मध्ये रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमीही गेला. 'डाकघर' हे नाटक त्यांनी लिहिलं १९११ मध्ये, रेणुका जाऊन आठ वर्षं झाल्यावर. त्यातला अमल आजारी आहे, वैद्यांनी घराबाहेर पडायला बंदी केली आहे. तो खिडकीशी बसून रस्त्यावरच्या दहीवाल्याला हाक मारतो. दही त्याला नको असतं. दहीवाल्याची आरोळी तेवढी शिकायची असते.