जुन्या मोटारीतील रेडिओ

वडिलांची मॉरिस मायनर आपण जतन केली असेल, तर तिच्यातील रेडिओ बदलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्यातील काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाजाची वाट पाहावी लागे. कित्येकांना ती वाटही प्रिय होती! आज त्याच पेटीत नवे सर्किट बसवून एफएम व ब्लूटूथ ऐकता येते. जुनी बटणे जागीच राहतात.

खरा धोका तारांत आहे. १९५०च्या दशकातील मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असे. नव्या यंत्रांना तेथे ऋण टोक लागते. बेसावधपणे जोडल्यास यंत्र जळते, प्रसंगी तारांनाही आग लागते. म्हणून जाणत्या कारागिराकडून ही टोके आधी तपासून घ्यावीत. स्पीकरसाठी दारांचे पत्रे मात्र कापू देऊ नयेत. काढलेले व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवावेत. मुलांपैकी एखाद्याला उद्या मूळचाच रेडिओ हवासा वाटेल.