देवळालीचा ताप

कुणाचं डोकं फिरलं की इंग्रज म्हणतात, ‘तो डूलॅली झाला.’ हा शब्द आपल्या देवळालीवरून पडला आहे हे वाचल्यापासून त्या स्टेशनात एकदा उतरायचं मनात होतं. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या जरा अलीकडचं हे स्टेशन. आजवर खिडकीतून नुसती पाटी वाचली होती.

इथली लष्करी छावणी १८६१ सालची. १ जानेवारी १८६५ला कसाऱ्याचा घाट रेल्वेला खुला झाला आणि मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी या माळावर आणणं सोपं झालं. हवा कोरडी, जवळ दारणा नदी.

मला मात्र परत जाणाऱ्यांची गोष्ट सोडवत नाही. नोकरीची मुदत भरलेले शिपाई इथे आणून ठेवत. त्यांना मायदेशी नेणारी जहाजं ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. मार्च उलटल्यावर मुदत भरली, की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. हाताला धड काम नाही, वर दारू आणि हिवताप. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने आपल्या आठवणींत या ‘डूलॅली टॅप’बद्दल लिहून ठेवलं आहे. टॅप म्हणजे ताप, आपल्याकडचाच. रात्री घाटाकडे निघालेल्या गाडीची शिट्टी छावणीपर्यंत जात असेल. यादीत नाव नसलेल्याने ती कशी सोसली असेल?

फलाटावर एक जवान काळ्या पत्र्याच्या पेटीवर बसला होता. पेटीवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, कोपरे चेपलेले, कडी हाताला काचू नये म्हणून तिला सुतळी गुंडाळलेली. तोफखान्याचं स्कूल १९४१ साली काकूलहून इथे आलं. या स्कूलमधला कोर्स संपवून तो जळगावकडे घरी निघाला होता.

“नाशिकरोडलाच जायला हवं होतं, काका. इथं थांबतंय कोण?”

त्याचं खरंच होतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या धडधडत पुढे जातात. ७ ऑगस्ट २०२०ला देशातली पहिली किसान रेल इथूनच सुटली, १५१९ किलोमीटरवरच्या दानापूरला. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली, तेव्हा या स्टेशनाचे दिवस पालटतील असं मलाही वाटलं होतं. पुढे सवलत थांबली आणि गाडीही. छावणी अजून जागती आहे, भगूर-देवळालीची वस्ती वाढते आहे, आणि माणसं मात्र रिक्षा करून पुढच्या स्टेशनाला जातात. याची मला फार चुटपुट लागते.

पॅसेंजर आली. पेटीची एक कडी मी धरली. चांगलीच जड होती.

“सांभाळून, काका,” तो म्हणाला, “आईसाठी नाशिकची पितळी भांडी आहेत.”